गॅस गीझर पेटत नाही, तेव्हा तो काय सांगतो

चाकणच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जायचे, तर नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी इथल्या खोल्यांमधून कंपनीची बस यायच्या आत अंघोळी उरकाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी नळ सोडला आणि गॅस गीझर पेटलाच नाही, की नळ पुन्हा पुन्हा उघड-बंद केला जातो, नाहीतर गीझरच्या पत्र्यावर थापा पडतात. निगडी, मोशी, वाकडच्या फ्लॅटमध्येही हेच घडते.

गीझर न पेटण्यामागे बहुतेक वेळा मोठा बिघाड नसतो. पेटण्याआधी काही अटी पुऱ्या झाल्या आहेत का, हे गीझर तपासतो आणि एखादी अट अपुरी असेल तर थांबतो. कोणत्या पायरीवर तो थांबला, हे कानाने आणि डोळ्याने ओळखता येते. ते ओळखता आले तर निम्म्याहून अधिक तक्रारी घरीच सुटतील. उरलेल्यांत कुठे हात लावायचा नाही, हेही कळेल, आणि जीव वाचतो तो या दुसऱ्या ज्ञानाने.

नळ सोडल्यावर आत काय होते

आपल्याकडचे बहुतेक घरगुती गॅस गीझर साठवणीचे नसतात. नळ सोडला की पेटतात आणि बंद केला की विझतात. गार पाणी आत शिरते तिथे रबराचा एक पातळ पडदा असतो. पाणी पुरेशा जोराने वाहू लागले की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याला जोडलेली दांडी पुढे येते. ही दांडी गॅसची वाट मोकळी करते आणि एक छोटा स्विच दाबते.

स्विच दाबला गेला की दोन सेलांवर चालणारे सर्किट जागे होते. दोन सेल मिळून अवघे ३ व्होल्ट देतात. हवेतून एक मिलिमीटर ठिणगी उडवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात आणि ठिणगीच्या टोकापुढे काही मिलिमीटरची फट असते. म्हणून सर्किट त्या ३ व्होल्टचे दहा हजारांहून अधिक व्होल्ट करते. आपल्याला ऐकू येणारी टकटक ही त्या ठिणग्यांची. त्याच क्षणी विजेवर चालणारी गॅसची दुसरी झडपही उघडते.

ज्योत लागल्याची खात्री करण्याची रीत सुंदर आहे. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून अतिशय क्षीण वीजप्रवाह वाहू शकतो. बर्नरवरच्या दुसऱ्या कांडीला तो प्रवाह जाणवला की सर्किट समजते, ज्योत लागली. काही सेकंदांत तो जाणवला नाही, तर झडप बंद होते आणि गॅस थांबतो.

भोसरी-चाकण पट्ट्यात भट्टी, बॉयलर किंवा रंगाच्या ओव्हनवर काम करणाऱ्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. तिथला बर्नर सुरू करताना आधी पंखा चालतो आणि भट्टीत साचलेला गॅस बाहेर फेकतो. मग ठिणगी, मग गॅस, मग ज्योतीची खात्री. ज्योत दिसली नाही तर यंत्रणा ‘लॉकआउट’ होते आणि माणसाने कारण शोधून रीसेट दाबल्याशिवाय हलत नाही. घरच्या साध्या गीझरमध्ये हा सगळा क्रम आहे, फक्त सुरुवातीचा पंखा नाही. साचलेला गॅस जाऊ देण्याचे काम आपण थांबण्यानेच होते. म्हणून एकदा पेटला नाही की नळ बंद करून, खिडकी उघडून दोन-तीन मिनिटे तरी थांबावे.

हा नियम किती खरा आहे ते साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. न पेटता झडप सात सेकंद उघडी राहिली, तर सुमारे एक लिटर गॅस बाहेर पडतो. लागोपाठ दहा वेळा नळ उघड-बंद केला, तर दहा लिटर. हवेत एलपीजीचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेले की ते मिश्रण पेट घेऊ शकते; म्हणजे दहा लिटर गॅस सुमारे ५०० लिटर हवा पेटती करू शकतो. अकराव्या ठिणगीला गीझर ‘भप्प’ करून पेटतो आणि भुवया भाजतात, ते यामुळे.

टकटकच ऐकू येत नाही

ठिणगीचा आवाज नाही, म्हणजे गॅसचा प्रश्न अजून आलेलाच नाही. दोष सेलचा किंवा पाण्याचा.

आधी सेल पाहावेत. दोन्ही एकदम बदलावेत. एक जुना आणि एक नवा अशी जोडी चालत नाही. रिचार्ज होणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने दोन मिळून २.४ व्होल्टच भरतात, आणि पुष्कळ गीझरांना ते कमी पडतात. डबी उघडल्यावर पत्तीवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो कोरड्या कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने साफ करावा. पावसाळ्यात हा दोष वाढतो.

सेल नवे घालूनही शांतता असेल तर पाण्याकडे वळावे. बहुतेक गीझरांना पेटायला मिनिटाला किमान अडीच लिटर प्रवाह लागतो. गरम पाण्याच्या नळाखाली एक लिटरची बाटली धरा. ती २४ सेकंदांच्या आत भरली पाहिजे. अर्धा मिनिट लागत असेल, तर गीझर चांगला आहे आणि त्याला पाणी पुरत नाही.

इथे या शहराचे पाणी समजून घ्यावे लागते. पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेचे पाणी मिळते. ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते. लोकवस्ती वाढत गेली तसे ते पुरेना, आणि नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने एक दिवसाआड पुरवठा सुरू केला. आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीवरच्या निघोजे बंधाऱ्यातून चिखलीला आणण्याची योजना त्या गरजेतूनच पुढे आली. पुरवठा खंडित असला की घरोघरी पाणी येते ते नळाच्या दाबाने नव्हे, गच्चीवरच्या टाकीतून.

टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे एका मजल्याच्या तीन मीटरला ०.३ बार. पुष्कळ गीझरांची किमान गरज जवळपास एवढीच असते. त्यामुळे तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचा गीझर बिनतक्रार पेटतो आणि गच्चीच्या अगदी खालचा, त्याच कंपनीचा, त्याच दिवशी घेतलेला गीझर रुसतो. वरच्या मजल्यावरचे लोक मेकॅनिकला बोलावत राहतात, भाग बदलत राहतात. खरा उपाय असतो टाकी उंच करणे, पाइप मोठा घालणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे. उंच सोसायट्यांमध्ये वरच्या मजल्यांना असे पंप असतातच. तिथे सगळ्या वरच्या घरांचे गीझर एकाच सकाळी बंद पडले, तर पंप पाहावा.

दाब पुरेसा असूनही प्रवाह कमी असेल, तर गाळ तपासावा. गीझरमध्ये पाणी शिरते तिथे एक बारीक जाळी असते. टाकी धुतल्यानंतर किंवा टँकरचे पाणी घेतल्यानंतर रेती, गंज, शेवाळ तिथे अडकते. पाण्याचा कॉक बंद करून नट सोडला की जाळी बाहेर येते; जुन्या टूथब्रशने धुवावी. शॉवरची चाळणीही काढून पाहावी. बादलीचा नळ सोडल्यावर पेटणारा गीझर शॉवर सुरू करताच विझतो, तेव्हा दोष बहुधा त्या चाळणीत असतो.

तिसरी अडचण क्षारांची. दख्खनच्या बेसाल्टमधून येणारे बोअरवेलचे पाणी बरेचदा जड असते. त्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापल्यावर फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खडूसारखे कार्बोनेट तांब्याच्या नळीत आतून चिकटते. वाट अरुंद होते, प्रवाह घटतो, आणि पाणी तापताना खदखदल्यासारखा आवाज येतो. हा थर सौम्य आम्लाने काढता येतो, पण ते काम जाणकाराकडून करून घ्यावे, नाहीतर तांबेच खाल्ले जाते. रबरी पडदा कडक होणे किंवा फाटणे आणि दांडी अडकणे, हेही मेकॅनिकचे काम.

टकटक आहे, ज्योत नाही

ठिणगी ऐकू येते, म्हणजे पाणी आणि सेल दोन्ही पास झाले. आता गॅस.

आधी स्वयंपाकघरातली शेगडी पेटवून पाहावी. तीही पेटत नसेल तर दोष घराच्या गॅसपुरवठ्यात आहे: कॉक बंद असेल, सिलिंडर संपला असेल, रेग्युलेटर नीट बसला नसेल. नवा सिलिंडर लावल्यावर किंवा लाइनचे काम झाल्यावर पाइपमध्ये हवा राहते. ती निघून जाईपर्यंत गीझर पहिल्या एक-दोन वेळा पेटत नाही, आणि प्रत्येक वेळी मध्ये थांबणे आवश्यक आहे.

शेगडी नीट पेटते पण गीझर नाही, अशा वेळी गीझरची भूक लक्षात घ्यावी. शेगडीचा एक बर्नर जेवढा गॅस घेतो, त्याच्या पाच-सहा पट गीझर घेतो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ होताना उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातून, आजूबाजूच्या हवेतून ओढली जाते. एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, पण ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जवळ आहे. थंडीच्या पहाटे, सिलिंडर संपत आलेला असताना, प्रोपेन बराचसा आधीच निघून गेलेला असतो. मग उरलेला द्रव हवी तेवढी वाफ देऊ शकत नाही, आणि सिलिंडरला बाहेरून घाम सुटलेला दिसतो. खोल्यांमधून वापरला जाणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर या कामाला आणखी कमी पडतो, कारण त्याचा पृष्ठभागच कमी. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवा करणे हे घातक उपाय आहेत. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट नळीत येतो आणि ज्योत अचानक भडकते.

या पट्ट्यातला आणखी एक दोष स्थलांतरातून येतो. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून २००६ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडच्या क्षेत्रात पुणे, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकण आणि तळेगाव हा सगळा भाग येतो. सिलिंडरच्या घरातून पाइप गॅसच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना कुटुंब जुना गीझर सोबत नेते आणि नव्या लाइनला जोडते. पण हे दोन वेगळे गॅस आहेत. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन. घनमीटरमागे त्याची उष्णता एलपीजीच्या अडीच-तीन पटींनी कमी. घरात तो साधारण २१ मिलिबार दाबाने येतो, तर सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो. म्हणून पाइप गॅसच्या गीझरच्या जेटची भोके मोठी असतात. एलपीजीचा गीझर पाइप गॅसवर लावला तर ज्योत खुरटी राहते किंवा धरतच नाही. उलट, पाइप गॅसचा गीझर सिलिंडरवर लावला तर गरजेपेक्षा फार जास्त गॅस येतो, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी वायू तयार होतो. कोणता गॅस, हे गीझरवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. जेट बदलून घेणे अधिकृत तंत्रज्ञाकडूनच व्हावे. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गीझरच्या जेटमध्ये कोळी जाळे करतात. तिथेही टाचणी घालू नये, भोक मोठे झाले की जेट बाद.

ठिणगीचे टोक ओले किंवा काजळलेले असेल, तरी टकटक ऐकू येते पण ठिणगी भलत्याच ठिकाणी उडते. गॅसचा कॉक बंद करून आणि सेल काढून ते टोक कोरडे पुसता येते.

पेटतो आणि लगेच विझतो

चार-पाच सेकंदांत विझणारा गीझर बहुधा ज्योत ओळखू शकत नाही. ज्योत जाणणाऱ्या कांडीवर काजळी बसली की तो क्षीण प्रवाह पोहोचत नाही. कांडी पुसली की गीझर टिकतो. सेल निम्मे उतरलेले असतील तर ठिणगी पडते, पण झडप धरून ठेवण्याइतका जोर उरत नाही. बादली भरताना कुणी शेजारचा नळ सोडला, की प्रवाह विभागून दाब पडतो आणि तेव्हाही तो विझतो. काही गीझरांत ठरावीक मिनिटांनंतर आपोआप बंद होण्याची सोय असते. वीस मिनिटांनी विझणाऱ्या गीझरची पुस्तिका आधी वाचावी.

बंद न्हाणीघरात विझलेला गीझर

गीझर नीट पेटला, पाच-दहा मिनिटे चालला आणि मग विझला. न्हाणीघराचे दार बंद आहे, खिडकीला थंडीमुळे काच किंवा पुठ्ठा लावलेला आहे. अशा वेळी गीझर पुन्हा पेटवू नये. नळ बंद करून दार उघडावे आणि बाहेर यावे.

सात बाय चार फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात साधारण सव्वासहा घनमीटर हवा असते. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. गीझर वीस मिनिटे चालला तर त्याला चार घनमीटर हवेतला प्राणवायू हवा, म्हणजे बंद खोलीतल्या हवेचा जवळपास दोन-तृतीयांश. त्याच्या बऱ्याच आधी ज्योत अडखळू लागते, पिवळी होते, बर्नरवरून सुटते आणि कांडीला ती जाणवेनाशी होते. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळती कळावी म्हणून एलपीजी आणि पाइप गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, पण तो जळून जातो. मोनॉक्साइडची वर्दी देणारे काहीच उरत नाही. आजोबांच्या काळी तांब्याच्या बंबाचा धूर डोळ्यांत जाऊन माणसाला बाहेर काढत असे. गॅसची निळी ज्योत तसे काही करत नाही.

हा धोका गीझरइतकाच जुना आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ साली गॅसवर पाणी झटपट तापवणारे यंत्र आणले, तेव्हा त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडे नळीशिवायचे गीझर न्हाणीघराच्या आत लावले जातात.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगतो. आधी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही. काहींना झटका येतो आणि घरचे त्याला फिट समजतात. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने केली आहे. अंघोळीच्या वेळीच झटका आला असेल, तर डॉक्टरांना घरात गॅस गीझर आहे हे न विचारता सांगावे. करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये. मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि प्राणवायू वाहणारे रक्त यांतला फरक त्याला कळत नाही, आणि बेशुद्धीच्या वाटेवरच्या माणसाचा आकडाही तो चांगला दाखवू शकतो. रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, १०८ला फोन करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास.

म्हणून गीझरची जागा ड्राय बाल्कनीत किंवा न्हाणीघराबाहेर उघड्या हवेच्या भिंतीवर. आत यायचे ते फक्त पाण्याच्या पाइपने. भाड्याच्या खोलीत ते शक्य नसेल, तर आधी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार उघडे ठेवून हवा खेळू द्यावी आणि मग अंघोळीला जावे. खिडकी मोजमापाने उघडी ठेवण्यापेक्षा ही सवय भरवशाची आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनी गीझर बाहेर बसवण्याचा खर्च करावा. दोन-तीन मीटर जादा पाइपचा तो खर्च आहे.

हात कुठे थांबवायचा

सेल, जाळी, शॉवरची चाळणी, कांडीवरची काजळी आणि प्रवाहाची मोजणी, एवढे घरच्या माणसाने करावे. झडप, जेट, पडदा आणि गॅसचा कोणताही जोड उघडू नये. जोडावर शंका असेल तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी कधीच लावू नये. सिलिंडरची रबरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, भेगा दिसल्या तर त्याआधीच. ज्योत निळी आहे का, हे आठवड्यातून एकदा गीझरच्या खिडकीतून पाहावे. पिवळी दिसली की त्या दिवसापासून सर्व्हिसिंग होईपर्यंत गीझर बंद.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. कॉक किंवा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. पाइप गॅस हलका, छताकडे जातो. म्हणून दोन्हींसाठी वरची आणि खालची हवा मोकळी व्हावी. मग घराबाहेर जाऊन फोन करावा: एलपीजीसाठी १९०६, पाइप गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक.

सुरक्षेचा भाग ‘त्रास देतो’ म्हणून काढून, वायरी थेट जोडून गीझर चालू करून देणारे कारागीर भेटतात. तसा गीझर रोज पेटेल, आणि हवा संपली तरी पेटतच राहील. कारखान्यात लॉकआउट झालेला बर्नर कारण शोधल्याशिवाय कुणी सुरू करत नाही. तीच शिस्त पहाटे साडेचारला, गार पाण्याच्या बादलीसमोर उभे असतानाही पाळावी. त्या दिवशी स्वयंपाकघरातून एक पातेले पाणी तापवून घ्यावे आणि गीझर का थांबला ते संध्याकाळी उजेडात पाहावे.